कोंबडं झाकायचं काम

हेलसिंकीहून कागद आला. तेरा पानं,
शेवटच्या पानावर निळी सही, जरा फरपटलेली,
जणू सही करणाऱ्यालाही जेवायला जायचं होतं.
मंगळवारी दुपारी बारापर्यंत, असं कलम चारमध्ये.
रोव्हानिएमीत डिसेंबरातले बारा वाजले की
क्षितिजाशी एक नारिंगी चीर दिसते,
मग तीही मिटते.

मी नावं यादीत घातली. एकूण नऊ.
एंटर दाबायला लागतो तेवढाच वेळ लागतो न्यायाला,
अगदी शेवटच्या टोकाशी.
खरं सांगायचं तर दार मी बंद केलंच नाही,
दारावरची पाटी तेवढी काढली.
घर तिथंच आहे. दिवे चालू.
पोस्टमनला विचारलंत तर म्हणेल, असं कोणी इथं राहत नाही;
पोस्टमन बदललात, की राहतं.

शेजारच्या टेबलावरून हेल्वी म्हणाली,
यातली सात नावं मला ठाऊकच नव्हती,
परवाच्या पेपरात वाचली.

आलेख माझ्याकडे होता.
मंगळवारी रेघ खाली, खाली, आडात पोहरा सोडावा तशी.
बुधवारी तळाशी.
गुरुवारी शाळा सुटल्यावर कोणीतरी दोर ओढायला लागलं,
आणि रविवारी पोहरा काठावर,
चार शिंतोडे कमी असतील, फार तर.
कंपनीच्या वकीलबाईंनी फोनवर विचारलं, परिणाम किती?
मी म्हटलं, कुठल्या दिवसाचा हवा?

सोमवारी ओउलाचा फोन, पार उत्तरेकडून.
सत्तरीचा माणूस, त्याला सिनेमाचं काय देणंघेणं.
रेनडिअरच्या कानांवरच्या खुणांची गावची यादी,
कुणाची खाच कशी, कुठलं जनावर कुणाचं,
उघडत नव्हती.
एका नावासाठी मी पाटीऐवजी अख्खा पत्ताच रोखला होता, कलम सातप्रमाणे,
आणि ती बिचारी त्याच पत्त्यावर भाड्यानं राहत होती.
साप केव्हाच निघून गेलेला, आम्ही भुई धोपटतोय,
आणि भुईवर ओउलाचा कळप उभा.
सोडवायला तीन दिवस लागले. त्यालाही कागद लागतो.

हसायला सोपं आहे, आणि मी हसायचोही,
जेवणाच्या सुट्टीत, हेल्वीसमोर,
आउने घरी येईपर्यंत.
आउने माझ्या बायकोची बहीण, अकॉर्डियन वाजवते.
गेल्या वर्षी कर्ज काढून एक रेकॉर्ड काढली.
तीनशे प्रती, दोनशे साठ अजून पलंगाखाली.
बंद केलंस ना? तिनं कोटही न काढता विचारलं.
गप्प बसलो असतो तर बरं, पण मला आकडे सांगायची खोड:
त्या पानावरच लिहिलेलं होतं,
चौदाशे जणांनी उतरवून घेतली.
ब्राझीलमध्येसुद्धा, मी म्हणालो, तिला बरं वाटेल म्हणून.
तिनं कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर नीट घातला.
त्यातले चाळीस जरी आले असते, ती म्हणाली,
तरी हॉलचं भाडं निघालं असतं.

कॉफी गार झाली.
आतल्या खोलीत माझा मुलगा दार लोटून काहीतरी पाहत होता.
कुठून, ते मी विचारलं नाही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
इथं झाकलं नाही तरी उजाडत नाही,
त्यामुळे झाकणाऱ्याला कधी कळत नाही
टोपलीमुळे काय झालं
आणि काय नुसतं डिसेंबरामुळे.

रोज सकाळी आठला मी नऊ दारं वाजवतो,
बंद आहेत ना, हे पाहायला.
त्या दारांशी इतक्या नेमानं जाणारा
या जिल्ह्यात मीच असेन.
काल चौथ्या नावाला एक अक्षर जास्तीचं फुटलं.
नव्या कागदाची वाट पाहतोय.

पालिकेनं पार्किंगपुढे बर्फाचा ढीग लावलाय, माणसाएवढा.
त्याला वळसा घालून पायवाट पडलीय, एका बुटाएवढी रुंद.
मीही तिथूनच आलो.